विद्यार्थ्यांनी आपली अभ्यासपद्धती कशी ओळखावी

(संस्थेच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



दहावी-बारावी उत्तीर्ण झालेल्या मुला-मुलींचे या ठिकाणी नुकतेच कौतुक झाले, त्या सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. कार्यवाहांनी आम्हांस अभ्यासपद्धतीवर बोलावयास सांगितले आहे. वास्तविक आम्ही काही शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेचे साधे पदवीधर, बँकेत काउंटरवर बसणारे कारकून. तरीही हा विषय आम्ही नाकारला नाही, याला कारण आहे. या विषयात आमच्या हातून एक चूक झालेली आहे आणि ती याच सभागृहात झालेली आहे. ती आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आपल्या अभ्यासिकेतील मुलांसाठी एक दिवसाचे शिबिर घ्यावे असे ठरले. व्याख्याते आणण्याचे काम आमच्याकडे होते. ओळखीच्या एका गृहस्थांमार्फत एक मार्गदर्शक मिळाले. बोलणे गोड, हाती रंगीत तक्ते, शिवाय मानधन माफक. त्यांनी मुलांना सोळा प्रश्नांचा एक छापील कागद दिला. अनोळखी ठिकाणी जायचे तर रस्ता कसा शोधता, नवे यंत्र घरी आले तर पुस्तिका वाचता की बटणे दाबून पाहता, अशा धर्तीचे प्रश्न होते. अर्ध्या तासात बेरजा झाल्या आणि पन्नासेक मुलांचे चार गट पडले. पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि हाताने करून शिकणारे. प्रत्येकाच्या छातीवर त्या त्या रंगाचा बिल्ला लागला. तुमच्या मेंदूची घडणच अशी आहे, यापुढे याच रीतीने अभ्यास करा, मेहनत निम्मी होईल आणि गुण दुप्पट मिळतील, असे त्यांनी सांगितले. टाळ्या पडल्या. आभारप्रदर्शन आमच्याकडे होते आणि त्यात आम्हीही उत्साहाच्या भरात बरेच काही बोलून गेलो. ते आठवले की आजही संकोच वाटतो.

त्या मुलांत आपल्या वस्तीतील एक मुलगी होती. तिचे नाव सांगत नाही. ती आज येथे बसलेली आहे आणि तिला विचारूनच हे सांगत आहोत. वडील रिक्षा चालवितात, आई चार घरची कामे करते. मुलगी अकरावी वाणिज्यला होती, तिला हिरवा बिल्ला मिळाला, म्हणजे ऐकून शिकणारी. तिने तो प्रामाणिकपणे मनावर घेतला. पुस्तके बाजूला ठेवली आणि मोबाइलवर व्याख्याने ऐकू लागली. भांडी घासताना ऐकावे, झोपताना कानात वायर घालून ऐकावे. सगळे समजते आहे असे तिला वाटे. खरोखर समजतही असेल. बारावीचा निकाल लागला तेव्हा इतर विषय सुटले आणि बुक-कीपिंग राहिले.

निकालानंतर आठवडाभराने तिची आई पासबुक भरून घ्यायला आमच्या काउंटरवर आली. पिशवीतून तिने मुलीची गुणपत्रिका काढली आणि म्हणाली, “दादा, पोरगी म्हणते मी ऐकून शिकणाऱ्यांतली, मला वाचून-लिहून येत नाही. तुम्ही ते सर आणले होते, त्यांनी सांगितलं म्हणते. आता ही नावे-जमेची आकडेमोड कानानं कशी शिकायची, तेवढं तुम्ही सांगा.” मागे रांग होती. आम्ही पासबुक छापून दिले आणि संध्याकाळी घरी येतो म्हणालो. दुसरे काही सुचले नाही.

त्यानंतर आम्ही या गोष्टीच्या मुळाशी जायचे ठरविले. भाच्याच्या मदतीने संगणकावरून मिळतील ते लेख काढले. इंग्रजी आमचे बेताचे, तेव्हा शब्दकोश घेऊन बसलो. जे हाती लागले ते आपल्यासमोर ठेवतो.

पाहणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे आणि करणारे ही चौकट न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी मांडली. त्यांचा आणि कॉलीन मिल्स यांचा यावरील लेख १९९२ सालचा आहे. पण अशा प्रकारची ही काही एकच वर्गवारी नव्हे. २००४ साली इंग्लंडमध्ये फ्रँक कॉफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजदाद केली, तेव्हा माणसांना शिकण्याच्या प्रकारांत बसविणाऱ्या ७१ निरनिराळ्या पद्धती निघाल्या. एका माणसाला लावायला ७१ प्रकारचे बिल्ले! यातले कोणते खरे मानायचे हा प्रश्न तेथेच पडावयास हवा होता.

पुढे २००८ साली हॅरोल्ड पॅशलर, मार्क मॅक्डॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्योर्क या चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या सर्व दाव्यांचा पुरावा तपासला. त्यांनी सांगितलेली कसोटी आपणा सर्वांना समजेल अशी आहे. समजा, शंभर मुलांना बिल्ले लावले. आता ‘पाहणाऱ्यां’पैकी निम्म्यांना धडा चित्रांतून शिकवा आणि निम्म्यांना बोलून शिकवा. ‘ऐकणाऱ्यां’चेही तसेच करा. शेवटी सर्वांची परीक्षा एकच घ्या. पाहणारे चित्रांमुळे पुढे गेले आणि ऐकणारे बोलण्यामुळे पुढे गेले, तरच बिल्ल्याला काही अर्थ आहे. दोन्ही गट एकाच पद्धतीने पुढे गेले, तर ती पद्धत सर्वांसाठीच चांगली, बिल्ला फुकट. या कसोटीला उतरणारा पुरावा त्यांना जवळपास मिळालाच नाही. उलट नीट केलेले काही प्रयोग या दाव्याच्या विरुद्ध गेलेले आढळले. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांनी आपला प्रकार कळूनही त्याप्रमाणे अभ्यास केला नव्हता, आणि ज्यांनी केला त्यांना काही जास्त गुण पडले नाहीत.

आम्हांस सर्वांत बोलका वाटला तो २०१७ सालचा एक अभ्यास. तोही अमेरिकेतलाच. त्यात लोकांना काही शब्द आणि काही चित्रे दाखविली, आणि यातले तुमच्या किती लक्षात राहील असे आधीच विचारले. नंतर प्रत्यक्ष आठवायला लावले. ज्याला चित्रे आवडत त्याला चित्रे लक्षात राहतील असे वाटत होते, ज्याला शब्द आवडत त्याला शब्द. प्रत्यक्ष आठवण मात्र या आवडीप्रमाणे चालली नाही.

विद्यार्थी मित्रहो, येथे सगळी गोम आहे. आवड खोटी नाही. कोणाला ऐकायला आवडते, कोणाला आकृती काढायला आवडते. परंतु आवडीने केलेला अभ्यास सोपा जातो, आणि सोपा गेला म्हणजे तो झाला असे मनाला वाटते. मन येथे आपली फसवणूक करते. त्या मुलीला व्याख्यान ऐकताना सगळे समजत होते, कारण बोलणारा समजावून सांगत होता. मांडणी तो करत होता, ही मान डोलावत होती.

हे आम्ही कोणाला हसण्यासाठी सांगत नाही. आम्ही स्वतः यातून गेलो आहोत. बँकेत लागल्यावर जेएआयआयबीची परीक्षा दिली. ती पास झाल्यावर कारकुनाला एक वेतनवाढ मिळते, तेव्हा घरातही सर्वांचे डोळे लागलेले. आम्ही कला शाखेचे, लेखाशास्त्राशी कधी संबंध आलेला नाही. पुस्तक आणले, तीन रंगांची पेने आणली. महत्त्वाचे वाक्य पिवळे, व्याख्या हिरवी, सूत्र गुलाबी. पुस्तक असे सजले की पाहुण्यांना दाखवावे. चार वेळा वाचून काढले. पान उघडले की प्रत्येक ओळ ओळखीची वाटे. परीक्षेत पान नव्हते, नुसता प्रश्न होता, आणि आम्ही लेखाशास्त्रात नापास झालो. एकदा नव्हे, दोनदा.

तेव्हा आमच्या शाखेत एक जुने हेड कॅशियर होते. निवृत्तीला दोन वर्षे राहिलेली, त्यांना सर्वजण काका म्हणत. त्यांनी आमचे रंगीत पुस्तक चाळले आणि हसले. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी ते एक प्रश्न विचारू लागले. “घसारा नावे कुठे पडणार, सांग बघू. पुस्तक नाही, तोंडी.” उत्तर आले नाही तर ते सांगत नसत. “उद्या सांग,” म्हणत. चार दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा, आठवड्याने पुन्हा. आम्हांला याचा राग येई. डबा गार होई तो वेगळाच. तिसऱ्या वेळी आम्ही पास झालो. काकांनी मानसशास्त्राचे एकही पुस्तक वाचले नसावे.

काका जे करत होते त्याला शास्त्रीय आधार भक्कम आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि दुसऱ्या वेळी न पाहता, आठवेल तेवढा कोऱ्या कागदावर लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवले आणि लिहिणाऱ्यांना ७५ टक्के. म्हणजे वाचणारेच पुढे. आठवड्यानंतर मात्र दोनदा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले आणि एकदा वाचून लिहिणारे ५६ टक्क्यांवर राहिले. आपली परीक्षा पाच मिनिटांनी असते की आठवड्यांनी आणि महिन्यांनी, हे आम्ही सांगायला नको.

गणिताचेही असेच आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी हे विशेष ऐकावे. २००७ साली डग रोहरर आणि केली टेलर यांनी विद्यार्थ्यांना चार प्रकारच्या आकृत्यांचे घनफळ काढायला शिकविले. एका गटाने एका प्रकारची सर्व उदाहरणे संपवून मग दुसरा प्रकार घेतला. दुसऱ्या गटाने सर्व प्रकार मिसळून सोडविले. सराव करताना पहिल्या गटाची ८९ टक्के उदाहरणे बरोबर येत होती, मिसळणाऱ्यांची ६० टक्केच. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर आणि मिसळणारा गट ६३ टक्क्यांवर. कोणाला विचारले असते की तुम्हांला कोणती पद्धत आवडते, तर पहिल्या गटानेच खुशीने हात वर केले असते, असे आम्हांस वाटते. एका जागी वीस उदाहरणे बरोबर आली की कोणाला बरे वाटणार नाही?

आता एक वेगळी हकीकत. त्याच शिबिरात नववीतल्या एका मुलाला हिरवा बिल्ला मिळाला होता. तो वर्गात फळ्याकडे पाहतच नसे, नुसते ऐकत असे, म्हणून बिल्ला अगदी बरोबर लागला असे सर्वांना वाटले. पुढे संस्थेच्या नेत्रतपासणी शिबिरात डॉक्टरांनी त्याला तपासले, तेव्हा कळले की मुलाला फळा दिसतच नव्हता! चष्मा लागला आणि हा ऐकून शिकणारा मुलगा महिनाभरात वही भरून लिहू लागला. पालकांनो, मूल एखाद्या रीतीने शिकत नाही असे दिसले, तर आधी डोळे तपासा, कान तपासा. काही मुलांना अक्षरे ओळखण्यातच खरी अडचण असते, हुशारीचा त्याच्याशी संबंध नसतो. अशा मुलांची तज्ज्ञांकडून तपासणी करून घेता येते, आणि रीतसर दाखला असल्यास बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. त्या मागण्यात कमीपणा नाही. ही अडचण आहे, तिला ‘प्रकार’ म्हणून गोंजारत बसू नये.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्या शिबिरानंतर चहा घेताना आपल्यातलेच एक गृहस्थ म्हणाले की, आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकूनच शिकत आला, जलसे ऐकले, गाणी ऐकली, तेव्हा आपल्या मुलांना ऐकूनच जास्त येणार. त्यावेळी आम्हीही मान डोलावली. नंतर विचार केला, तेव्हा अंगावर काटा आला. आमची आजी ऐकून शिकली ही गोष्ट खरी. पन्नास-साठ गाणी तिला तोंडपाठ होती. पण ती ऐकून शिकली, कारण तिच्या हाती पाटी दिलीच गेली नव्हती. तिला साठाव्या वर्षी सही करायला शिकविली, तेव्हा ती रोज संध्याकाळी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला आपले नाव लिहीत बसे, आणि घरात आलेल्या प्रत्येकाला दाखवी. कोणाच्या कपाळावर काय लिहिले आहे ते दुसऱ्याने वाचून दाखवायचे आणि त्याने जन्मभर त्याप्रमाणे वागायचे, हा प्रकार आपल्या समाजाला काही नवा नाही. आम्ही तोच प्रकार रंगीत बिल्ल्याच्या रूपाने विहाराच्या सभागृहात आणला. तोही टाळ्यांच्या गजरात! बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश आपण दरवर्षी ऐकतो. सांगणारा मोठा आहे किंवा ऐकायला पटते म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नये, स्वतः अनुभवाने तपासून पाहावे, असा त्याचा आशय आहे. सोळा प्रश्नांच्या कागदाला मात्र हा नियम लावायचा राहून गेला.

आता कोणी म्हणेल, मग स्वतःची रीत ओळखायची तरी काय? सगळेच सारखे आहेत का? तसे नाही. माणसामाणसांत फरक आहेतच. कोणाचे डोके पहाटे चालते, कोणाचे रात्री. कोणाला एकट्याला बसायला आवडते, कोणी सोबत असल्याशिवाय पुस्तक उघडत नाही. कोणाला आधीचे किती येते, हा तर सर्वांत मोठा फरक. हे ओळखणे जरुरीचे आहे. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील हकीकत आपणा सर्वांना ठाऊक आहे. परळच्या चाळीत एकच खोली, माणसे जास्त. भीमराव लवकर झोपत, वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग मुलाला उठवीत आणि स्वतः त्या जागी झोपत. लहानपणी आम्हांला यातून नुसती मेहनत दिसे. आता वाटते, त्यात बारीक हिशेबही होता. झोपण्याची जागा एकाचीच होती, शांतता फक्त रात्री दोननंतर होती, आणि बाप-लेकांनी त्या दोन्ही गोष्टी पाहून वेळ बसविली. भीमरावांना दोन वाजता उठायला आवडत होते काय, हे कोणी विचारल्याची नोंद आमच्या वाचनात नाही.

आपल्या वस्तीतही पाणी पहाटे साडेचारला येते, रात्री दहापर्यंत शेजारचा टीव्ही बंद होत नाही. तेव्हा आपली वेळ, आपली जागा, आपली सोबत प्रत्येकाने पारखून घ्यावी. परंतु धडा डोळ्याने शिकावा की कानाने, हे शिकणाऱ्याच्या बिल्ल्यावरून ठरवू नये. ते धडाच सांगतो. भूगोल नकाशा पाहिल्याशिवाय येणार नाही, मग तुमचा बिल्ला कोणताही असो. इंग्रजीचा उच्चार कान देऊन ऐकल्याशिवाय आणि तोंडाने म्हटल्याशिवाय सुधारणार नाही. बुक-कीपिंगला हातात पेन लागते.

ओळखण्यासाठी आम्ही जे साधन सुचविणार आहोत ते आमच्या धंद्यातले आहे. बँकेत दिवसअखेर प्रत्येक कॅशियरला रोकड जुळवावी लागते. दिवसभर नोटा मोजून देणाऱ्याला संध्याकाळी पेटीत किती असावे याचा अंदाज असतो. परंतु अंदाजावर कोणी घरी जात नाही. नोटा मोजतात, वहीतल्या आकड्याशी ताडून पाहतात, फरक निघाला तर शोधत बसतात. अभ्यासाची अशीच एक रोजकीर्द ठेवावी. साधी आखीव वही घ्या. तारीख, धडा, कोठे व किती वाजता बसलो, कसा अभ्यास केला, वाचला, ऐकला, लिहिला की कोणाला समजावून सांगितला, हे एका ओळीत लिहा. पुढे तीन रकाने. पहिला ‘वाटले’. अभ्यास संपताच यातले दहापैकी किती येईल असे वाटते, तो आकडा. दुसरा ‘उद्या आले’. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून दहा प्रश्नांची उत्तरे लिहावीत, किती आली तो आकडा. तिसरा ‘आठवड्याने आले’. त्याच दहांपैकी, पुन्हा पुस्तक मिटून. एका धड्याला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ यात जात नाही.

महिन्याभरात ही वही बोलू लागते. गेल्या वर्षी अभ्यासिकेतील काही मुलांनी ती ठेवली. एकाच्या लक्षात आले की मित्रांबरोबर बसले की ‘वाटले’ नऊ आणि ‘आले’ चार. म्हणजे उत्तरे मित्रांना येत होती! दुसरी एक मुलगी रात्री एकपर्यंत जागत असे. दहानंतर वाचलेल्या धड्यांचे आकडे तिने पाहिले आणि झोपायला सुरुवात केली. आईने कितीदा सांगितले होते, ते ऐकले नव्हते. नुसते खुणा करीत वाचण्याचा फरक जवळजवळ सगळ्यांच्याच वहीत मोठा निघाला. हे काही शास्त्रीय संशोधन नव्हे, डझनभर मुलांच्या वह्या आहेत. पण वह्या त्यांच्या स्वतःच्या होत्या, म्हणून त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन विद्वानाने स्मरणशक्तीवरचे आपले पुस्तक १८८५ साली प्रसिद्ध केले, तेही असेच स्वतःवर प्रयोग करून. अर्थ नसलेली अक्षरे तो पाठ करी, किती काळाने किती विसरलो ते मांडून ठेवी. एका बैठकीत घोकण्यापेक्षा दिवस टाकून केलेली उजळणी टिकते, हे त्याला तेव्हाच दिसले होते.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पहिले दोन आठवडे ही वही वाचवत नाही. ‘आले’च्या रकान्यात दोन, तीन असे आकडे पडतात आणि आपण मठ्ठ आहोत असे वाटू लागते. काही मुलांनी तेथेच वही सोडली, आम्ही त्यांना पुरेसा धीर दिला नाही हे आमचे चुकले. न पाहता आठवताना जो त्रास होतो, त्या त्रासातच धडा पक्का होत असतो. पालकांनी ही वही तपासून मुलांना बोलू नये. ती गुणपत्रिका नव्हे.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. आईला शब्द दिल्याप्रमाणे आम्ही त्या संध्याकाळी घरी गेलो. मुलगी आधी बोलेना. मग म्हणाली, “दादा, मला खरंच समजतं ऐकून. पेपरात मात्र हात चालत नाही.” हे तिने स्वतः ओळखले होते, आमच्या कोणत्याही लेखापेक्षा नेमके. जुलैच्या पुरवणी परीक्षेला पाच आठवडे होते. तिचे ऐकणे आम्ही बंद केले नाही. नवा भाग ती आधी मोबाइलवर ऐकत असे, मग मोबाइल आईच्या हाती जाई. त्यानंतर कोरा कागद, एक उदाहरण, रोजकीर्दीतील नोंदी, खतावणी, तेरीज, सगळे न पाहता. चुकले तर कोठे चुकले ते पुस्तक उघडून तिनेच शोधायचे. दोन दिवसांनी त्याच प्रकारचे दुसरे उदाहरण, त्यात मागच्या आठवड्याचे एक मिसळलेले. आम्ही संध्याकाळी फक्त काकांसारखे प्रश्न विचारीत असू. तिला आमचा राग येत असे, हे तिच्या तोंडावर दिसे. पुरवणी परीक्षेत बुक-कीपिंगमध्ये तिने पन्नाशी ओलांडली. मनासारख्या महाविद्यालयातील जागा तोपर्यंत भरल्या होत्या, तेव्हा लांबच्या महाविद्यालयात प्रवेश घ्यावा लागला, आणि बसभाड्याचा खर्च त्या घराला आजही पडतो. आमच्या एका टाळीची ती किंमत आहे. आज ती पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि अजूनही ऐकायला तिला आवडतेच.

पुढील रविवारपासून दर रविवारी सकाळी आठ ते दहा आम्ही वरच्या मजल्यावर अभ्यासिकेत बसणार आहोत. संस्थेने शंभर वह्या आणल्या आहेत, रकाने आखून ठेवले आहेत. बारावी वाणिज्यच्या मुलांना प्रश्न विचारण्याचे काम त्याच मुलीने स्वीकारले आहे. येताना पेन आणावे. पुस्तकही आणावे, परंतु पहिला अर्धा तास ते पिशवीतच राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!